गोधड्यांखालचं पिंप

दिपिकाताई,

महिन्यापूर्वी तुम्ही पालिकेकडून डासांच्या अळ्या शोधत दिवा गावातल्या आमच्या चाळीत आलात, तेव्हा घरात पाणी साठवलेलं नाही, असं मी खोटं सांगितलं. पिंपावर गोधड्या रचल्या होत्या. पिंपातल्या अळ्या मला आधीच दिसलेल्या. पण तुम्ही पाणी ओतून दिलं असतं, आणि नळाला पाणी चार दिवसांनी येतं, ताई!

आज त्याच गोधड्या सासूबाईंवर घातल्यात, तरी त्या कुडकुडतायत. डॉक्टर म्हणाले, मलेरिया आहे. ताप चढताना अंग असं कापून स्वतःला तापवतं. हुडहुडी थांबली की अंग भाजेल, तेव्हा ओल्या पट्ट्या ठेवा.

पाणी परवा येणार. पट्ट्या त्याच पिंपात भिजवतेय.

हे पत्र काही तुम्हाला देणार नाही.

खोली नंबर नऊमधली,
मेघाली