शेळी सापडेपर्यंत

३ फेब्रुवारी, शनिवार

लेक आली. बसने, तिच्या शहरातून. काखेत एक खोकं. मला वाटलं, मिक्सर! निघाला खेळ. टीव्हीला जोडायचा. हातात धरायला दोन शिंगांचं एक यंत्र. त्याच्यावर बटणं इतकी, की माझ्या सगळ्या स्वेटरांना मिळून तेवढी नसतील.

तिच्या कंपनीचा नवा खेळ. त्यातलं सगळं बोलणं हिने लिहिलंय. राजा, चेटकीण, बोलका लांडगा — सगळ्यांच्या तोंडून हीच बोलते. "आई, दर वळणावर तुला निवड करायचीय. तू निवडशील तशी गोष्ट पुढे जाते. चूक-बरोबर असं काही नसतं त्यात."

चूक-बरोबर नसतं? आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी हे ऐकलं असतं तर अख्ख्या खेळाला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

बाजारात यायच्या आधी, जन्मात कधी असलं काही न खेळलेल्या माणसांच्या प्रतिक्रिया हव्यात म्हणे. म्हणून मी आणि हे. दोघांनी वेगवेगळं खेळायचं. एकमेकांना शिकवायचं नाही. दर शनिवारी ती येऊन विचारणार.

निघताना, दारात चपला चढवता चढवता — "माझ्या खालचा फ्लॅट रिकामा होतोय. तुम्ही दोघं या ना तिकडे राहायला. महिनाअखेरीला मालकाला सांगायचंय." आणि गेली!

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं."

मला नाही जायचं. हे घर, ही गॅलरी, कोपऱ्यावरची पेन्सिल (शाळेतली मैत्रीण, तेव्हा उंच आणि बारीक होती, आता नुसती उंच आहे) — हे सगळं सोडून कुठे जाऊ? पण ह्यांना लेकीजवळ जायचं असलं तर? हा माणूस सांगायचा नाही. ह्यांच्या मनातलं काढणं म्हणजे बाटलीच्या तळाशी अडकलेला मध.

४ फेब्रुवारी, रविवार

खेळले. मी एक तरुण मुलगी आहे, पाठीवर तलवार, केस मोकळे. (तेल लावायची सोय नाही.) डोंगरात एक गाव. पहिल्या घरासमोर उभी राहिले आणि दार वाजवलं. कुणी "या" म्हणेना. बराच वेळ उभी. हे मागून म्हणाले, "अगं, ढकल की."

"शिकवायचं नाही ठरलंय!"

आणि असं कसं ढकलायचं? आम्हाला शाळेत सात वर्षं हेच शिकवलं — आधी टकटक, मग परवानगी, मग पाय पुसून आत. शेवटी ढकललं. आत कोणीच नव्हतं. टेबलावर सोन्याची अंगठी. पडद्यावर प्रश्न — घ्यायची? ठेवायची?

ठेवायची! हे काय विचारणं झालं?

६ फेब्रुवारी, मंगळवार

गावातल्या एका म्हातारीची शेळी हरवलीय. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. निवडी दोन — "मी शोधून आणते" किंवा "मला वेळ नाही". वयस्कर बाईला "वेळ नाही" म्हणू? शोधतेय. सापडत नाही. वाटेत एक लांडगा आडवा आला. मी "एक्सक्यूज मी" असं मोठ्याने म्हणाले. हे पेपरामागे हसत होते. पेपर हलत होता.

लांडग्याने मला खाल्लं.

७ फेब्रुवारी, बुधवार

आज ह्यांची पाळी. मी विणकाम घेऊन बसले. नुसतं बघायचं, बोलायचं नाही.

काय सांगू! हे घरात घुसले. अंगठी उचलली. म्हातारी शेळीचं सांगायला लागली तर तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मग गावाबाहेरच्या गिरणीपाशी गेले. पडद्यावर आलं — "मशाल टाकायची?" मला वाटलं, चुकून दाबतील. चुकून नाही. चष्मा नाकावर नीट बसवून, वाचून, शांतपणे — टाकली.

गिरणी भडभडा पेटली. मी ओरडले, "अहो! गिरणीवाल्याने काय घोडं मारलं तुमचं?"

"काही नाही."

"मग?"

हे पडद्यावरची आग बघत होते. म्हणाले, "सगळी नोकरी विमा कचेरीत गेली. जळालेली गोदामं तपासायची. आग विझल्यावर जायचं. राख, ओली पोती, रडणारा मालक. लागताना कशी दिसते, ते कधी बघायलाच मिळालं नाही."

आणि पुढे — "गिरणीचा विमा असेल."

हाच माणूस मुंगी दिसली तर पाय लांब टाकतो.

८ फेब्रुवारी, गुरुवार

पेन्सिलला सांगितलं. ती चहा सांडेपर्यंत हसली. "बुटके, तुझा नवरा दरोडेखोर निघाला! एवढी वर्षं तुझ्या धाकाने विमा विकत होता बिचारा."

"विकत नव्हते. तपासत होते."

"तेच ते."

(बुटकी म्हणजे मी. शाळेतलं नाव. सकाळच्या रांगेत मी सगळ्यात पुढे, ती सगळ्यात मागे. मी मागे वळले की तिथून ती डोळ्यांनी विचारायची, गृहपाठ झालाय का? मी मान हलवायची. अजून आमचं अर्धं बोलणं तसंच होतं. हे फोनवर कसं जमायचं?)

फ्लॅटचं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने चहा वेगळ्या कारणाने सांडला असता.

१० फेब्रुवारी, शनिवार

लेक आली. प्रतिक्रिया विचारल्या. मी म्हणाले, "दारं उघडण्याआधी आतून कोणीतरी 'या' म्हणायला हवं. आणि लांडग्याच्या तोंडी निदान 'माफ करा' टाक." तिने उतरवून घेतलं, पण ओठ चावत.

मग तिने बाकीच्यांच्या प्रतिक्रिया सांगितल्या. एक दातांचे डॉक्टर ड्रॅगनशी लढतच नाहीत. तो तोंड उघडतो, डॉक्टर आत बघत बसतात. "ड्रॅगनच्या डावीकडच्या दाढेला कीड दिसते, कृपया लक्ष द्यावे." एक ट्रकवाले भाऊ पहिल्या दिवसापासून नदीकाठी मासे धरतायत, राज्य वाचवायला तयार नाहीत. म्हणतात, "दिवसभर रस्ताच बघतो, खेळात तरी बसू द्या." एका नव्या नवरीने सासूचं नाव चेटकिणीला दिलं आणि मग तिच्याशीच इतकी गट्टी जमली, की लढाईच्या वेळी रडत बसली.

"माणूस खेळात खरा कळतो, आई," लेक म्हणाली.

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलंय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

माणूस खेळात खरा कळतो.

ह्यांचा घोडा आहे. नव्हे, घोडी. सगळा लुटीचा पैसा तिच्यावर! रेशमी झूल काय, चांदीचा लगाम काय. स्वतः फाटक्या अंगरख्यात. आज तिच्या डोक्यावर नाव दिसलं. बुटकी.

"अहो! हे काय?"

"नाव विचारलं. दुसरं कुठलं सुचेना."

पेन्सिलला हे सांगणार नाही. जन्मभर खिंकाळेल.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

शेळी नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आज मात्र मनाला लागलं.

हे बंदरात पोचले. मोठं जहाज. वल्हवणारे ओरडतायत, वर पांढरे पक्षी. पडद्यावर प्रश्न आला — "गावाकडे एकदा वळून बघायचं?" खाली दोन निवडी — हो, नाही. ह्यांनी वाचलंसुद्धा नाही. खाडकन "नाही"! घोडीला घेऊन जहाजावर. समुद्र लागला तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही.

आणि मी? मी अजून त्या गावातच. शेळी शोधतेय, लोकांच्या अंगठ्या जागेवर ठेवतेय.

म्हणजे ह्यांना जायचं होतं. कायमच. कुठेतरी. आणि मी ह्यांना एका घरात, एका गॅलरीत, एका खुर्चीत बसवून ठेवलं. हे "तू म्हणशील तसं" म्हणत राहिले, आणि मी आपली म्हणत राहिले! आता लेकीने बोलावलंय तर निदान तेवढं तरी. समुद्र नाही तर नाही, दुसरं शहर तरी.

विणकामाचे दोन टाके सुटले. उसवावं लागलं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीला फोन केला. "आम्ही येतोय राहायला." ती एवढ्या जोरात ओरडली की फोन कानापासून लांब धरावा लागला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं." आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आनंद पचवायला वेळ लागतो काहींना.

१७ फेब्रुवारी, शनिवार

लेक आली, खोल्यांची मापं घेऊन. कपाट कुठे, पलंग कुठे. खूप बोलत होती. प्रतिक्रिया विचारायच्या राहूनच गेल्या. मी आठवण केली तर म्हणाली, "हो, हो, सांग ना."

"शेळी आहे कुठे?"

"सांगायचं नसतं."

"आईलासुद्धा?"

"आईला तर नाहीच."

१९ फेब्रुवारी, सोमवार

पेन्सिलला सांगितलं. हसली नाही. म्हणाली, "जा. लेकीकडेच तर जातेयस." मग कपबशी विसळायला गेली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. मी बाहेर बसून राहिले. आत जाऊन काही बोलले असते तर दोघींचा नळ सुरू झाला असता.

२१ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तकं बांधायला काढली. हे एकेक पुस्तक खोक्यात ठेवत, मी पाठ फिरवली की परत काढून फळीवर. मी पाहिलं. चिडले. "अहो, जायचंय ना आपल्याला?"

"तुला जायचंय ना."

"मला?"

"तूच तर फोन केलास."

"तुमच्यासाठी केला! तुम्हाला जायचंय म्हणून!"

"मी कधी म्हणालो?"

"जहाज! वळूनसुद्धा पाहिलं नाहीत! पांढरे पक्षी! तो चेहरा! तुम्हाला समुद्र हवा होता, आणि मी तुम्हाला खुर्चीत—"

हे पुस्तक हातात धरून उभे. मग म्हणाले, "अगं वेडे, तो खेळ आहे. खऱ्यात मला बोट लागते. तलावातल्या नावेत बसलो होतो, आठवतं? काठ दिसत असताना ओकलो होतो."

आठवलं. माझ्याच पर्सवर.

"मग तो चेहरा कसला होता?"

"पुढे चाचे येणार होते. बंदरातल्या खलाशाने सांगितलं होतं." पुस्तक परत फळीवर ठेवत — "आणि मला वाटलं, तुलाच इथे कंटाळा आलाय. त्या गावात एवढे दिवस घुटमळत होतीस, तोंड एवढंसं करून. वाटलं, बाईला सुटायचंय, मार्ग मिळत नाहीये."

"शेळी मिळत नव्हती हो!"

आधी मी हसले की हे, माहीत नाही. खोक्यावर बसून हसलो. खोकं फाटलं.

पण आता लेकीला कोण सांगणार? मापं घेऊन गेलीय पोरगी. पडद्याचा रंगसुद्धा ठरवलाय.

"तू सांग," हे म्हणाले.

"मी का? दरोडेखोर तुम्ही."

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सांगायची वाक्यं जुळवतेय. "बाळा, आम्ही विचार केला" — खोटं. विचार केला असता तर फोन केला नसता. "आम्ही तुझ्यावर रागावलो नाही" — मग तिला वाटेल, रागावलोय. खेळात निदान खाली तीन वाक्यं लिहून येतात, आपण बटण दाबायचं!

ह्यांना म्हटलं, तुम्ही म्हणून बघा. हे आरशासमोर उभे राहून म्हणाले, "आम्ही येत नाही." एवढंच.

"इतकं कोरडं? विम्याचा अर्ज फेटाळल्यासारखं वाटतंय."

"त्यातच हात बसलाय."

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

शेळी सापडली! म्हातारीच्याच घरात, पलंगाखाली. मी पहिल्या दिवसापासून त्या घरात पाय ठेवला नव्हता. म्हातारी बाहेर बसलेली, तिने आत या म्हटलं नाही, मग कशी जाऊ? आज धीर करून गेले.

शेळीने माझी तलवार खाल्ली.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. शेवटी दोघांनी एकदमच, एकमेकांच्या बोलण्यात पाय अडकवत.

लेक मापांच्या कागदाची घडी घालत बसली. लहान, आणखी लहान. म्हणाली, "तुमची काळजी वाटते म्हणून नव्हते गं बोलावत. मलाच करमत नाही तिथे."

मग हळूच म्हणाली, बाकीचे सगळे खेळाडू प्रतिक्रिया फोनवरच कळवतात. आमच्यासाठी एवढा बसचा प्रवास करायची काही गरज नव्हती.

"काम माझं कुठूनही होतं," ती घडीकडे बघत म्हणाली. "मग मीच येऊ का इकडे?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "ये."

मला विचारलंसुद्धा नाही!