मनोऱ्यावरच्या तीन संध्याकाळी

एन्तेब्बे, ६ मार्च १९६४

चि. किझा हिस काटोदादाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र इस्पितळातल्या खाटेवरून लिहितो आहे, पण आईला एकदम सांगू नकोस. सासरे गेले. जावयानं प्रेताला गुंडाळायला झाडाच्या सालीचं कापड नेल्याशिवाय माती द्यायची कशी? म्हणून तीन दिवस गेलो, आणि परतताना चिखलात सायकल घसरून मांडीचं हाड मोडलं. आता पाय वर टांगून सहा आठवडे पडून राहायचं.

ते तीन दिवस जंगलातल्या मनोऱ्यावर माझ्या जागी कोण बसलं असेल? आपला वास्वा! सुकी मासळी विकायला आला होता, त्याला माझा खाकी गणवेश चढवला. आम्ही जुळे पाठमोरे असलो तर आईसुद्धा फसते, तिथे डासांतले विषाणू शोधणाऱ्या आमच्या केंद्रातल्या डॉक्टर मुगेर्वांची काय कथा! काम असं कितीसं असतं म्हणा. संध्याकाळी पाय उघडे टाकून बसायचं आणि डास पायावर बसला की चावायच्या आत त्याच्यावर काचेची नळी धरायची. या बहाद्दरानं निम्मे चावू दिले. तरी छत्तीस नळ्या भरल्या, सगळ्यांवर माझ्या नावाची चिठ्ठी. हे पत्र त्याच्याच हाती देतो आहे.

आईस साष्टांग नमस्कार. शाळेतल्या पोरांना फार मारू नकोस.
तुझा काटोदादा

सेसे बेट, ९ मार्च

ती. काटोदादास सा. न.

मांडी जपा. आईला मी तुमचा नुसता पाय मुरगळला म्हणून सांगितलं आहे. तुमचे बहाद्दर कालपासून तापानं फणफणले आहेत. कंबर धरून कण्हतात, डोळे लाल झालेत. दादाचा पगार खायला गेलात, भोगा आता, असं मी चिडवलं, तर हसलासुद्धा नाही. आई कडू पाल्याचा काढा पाजते आहे. मलेरियाच असणार, दुसरं काय! तुम्ही काळजी करू नका.

पत्राची वाट पाहते.
आपली किझा

एन्तेब्बे, १३ मार्च

चि. किझास आशीर्वाद.

आज सकाळी डॉक्टर मुगेर्वा हसत माझ्या खाटेशी आले. दुसऱ्या संध्याकाळच्या, माझ्या नावाच्या डासांचा अर्क टोचलेली उंदरांची पिल्लं मेली म्हणाले. वर्षभर शोधत होते तो विषाणू बहुतेक सापडला. नक्की कळायला महिना लागेल, पण त्यांना पीतज्वराचा संशय आहे. तुला लस दिलेली आहे, तू निर्धास्त राहा, असं म्हणून त्यांनी माझा खांदा थोपटला. तुझं पत्र माझ्या उशाखाली होतं, किझा.

मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, खाली बसले. ताप कुठल्या दिवशी आला एवढंच विचारलं. औषध काय, म्हणून मी विचारलं, तर या तापाला औषधच नाही म्हणाले. लस आधी घ्यायची असते, आता तिचा उपयोग नाही. बेटावरच्यांना टोचायला लस आणि वास्वासाठी मच्छरदाणी घेऊन त्यांची नर्स आजच्या बोटीनं निघते आहे. त्याला मच्छरदाणीतच ठेवा, म्हणजे त्याला चावलेला डास तुम्हाला चावायचा नाही.

आणखी एक. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, माणूस हिंडू-फिरू लागतो. बरेच जण तेवढ्यावर बरे होतात. काहींचा ताप उलटतो. मग डोळे पिवळे होतात. कुणाचा उलटेल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी इथे टांगलेला आहे. काय करू, सांग.
काटो

सेसे बेट, १९ मार्च

ती. दादास,

तुमचं पत्र आलं तेव्हा वास्वादादा अंगणात बसून मातोकेची उकडलेली केळी आणि कोंबडी खात होता. ताप उतरला म्हणून आईनं कोंबडी कापली होती. शेजारणी गाणी म्हणत होत्या. मी पत्र वाचलं आणि ओच्यात ठेवलं, कुणाला सांगितलं नाही. नर्सबाई मच्छरदाणी बांधू लागल्या तेव्हा तो म्हणाला, मला बरं वाटल्यावर ही कशाला?

त्यानंतर मी त्याचे डोळेच बघत बसले. शनिवारी दुपारी ते पिवळे झाले. मग काळी उलटी. नर्सबाईंनी हात धरून ठेवला, त्यांच्याजवळही दुसरं काही नव्हतं. मंगळवारी सकाळी गेला. जुळ्याला मेला म्हणायचं नाही म्हणून सगळे तो उडाला म्हणतात. मला तसं लिहवत नाही.

काल आईला सगळं सांगितलं, मांडीचं आणि लसीचंही. ती रडली नाही. मला म्हणाली, लहानपणी एकाला ताप आला की काढा मी दोघांना पाजायचे, एकाला काटा रुतला तरी दोघांच्या पायांना तेल लावायचे. मग ती सुई काटोला एकट्याला कशी टोचली? त्यानं भावासाठी का नाही मागितली?

दादा, ती सकाळपासून हेच विचारते आहे. पाय बरा झाला की या, आणि तुम्हीच सांगा.

तुमच्यावर राग नाही, एवढं खरं माना.
किझा