कुंपणाखालून गेलेली बाई

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार (पाय प्लास्टरमध्ये आहे, पालथं होता येत नाही, तेव्हा उताणाच गोड मानून घे). तुझी छाती कशी आहे? डॉक्टरांनी चढ बंद केल्यापासून तू गच्चीवरच फेऱ्या मारतोस आणि बाहेर पडतोस ते फक्त गुरुवारी, वाचनालयात, असं वहिनी कौतुकानं सांगते. ऐकून बरं वाटलं.

आता पायाचं. परवा दुपारी मला एकाएकी आपल्या डोंगराची आठवण अनावर झाली. लहानपणी तू कुंपणाची खालची तार उचलून धरायचास आणि मी कॉन्व्हेंटच्या चुण्यांच्या स्कर्टमध्ये पलीकडे सरकायचे (त्या फाटक्या स्कर्टपायी सिस्टरनं मला तासभर उभं केलं होतं, तरी मी तुझं नाव सांगितलं नाही). आता पायथ्याशी फीचं बूथ आहे, वर जाणाऱ्याचं नाव तिथल्या वहीत लिहितात. 'डोंगर काय यांच्या बापाचा आहे?' हे तुझं वाक्य आठवलं आणि मी सरळ आपल्या जुन्या तारेकडे वळले. निम्मी पलीकडे गेले. उरलेली निम्मी बऱ्याच वेळानं आली. पुढे वाट नव्हतीच. घळीत दगड निसटला, घोटा पिरगळला, आणि मोबाइल घरी चार्जिंगला. हरवलं की एका जागी बसून गावं, असं सिस्टर सांगायची. मी शाळेची प्रार्थना पंचवीस वेळा म्हटली. सव्विसाव्या वेळी खालून कुणीतरी 'आमेन' म्हणालं.

डोंगरावरच्या बचाव पथकाचे आठजण आले होते, त्यांत एक बेकरीवाला आणि एक दातांचा डॉक्टर. सगळे बिनपगारी. स्ट्रेचर उशाशी धरलं होतं ते बूथवालीनं! खाली आल्यावर, अँब्युलन्सची वाट बघताना, मी चाचरत विचारलं, "तुमच्या वहीत माझं नाव नाही, मग कळलं कसं?"

"मावशी, खिडकीतून तुमचे पाय दिसत होते की!" तिनं वही पुढे केली. 'एक बाई, जांभळा स्वेटर, कुंपणाखालून.' माणूस उतरलं की ती पुढे खूण करते. माझ्यापुढे खूण नव्हती. "आम्हाला पगार नको हो, पण दोर, स्ट्रेचर, वॉकीटॉकी फुकट मिळत नाहीत. ते त्या फीतूनच येतं."

दादा, फी न भरलेल्या स्ट्रेचरवर मी पडले होते, आणि शरमेनं मान खाली घालायचीही सोय नव्हती.

तुझी,
धाकटी

ता. क. वहीची मागची पानंही चाळली. 'एक आजोबा, खाकी टोपी, कुंपणाखालून.' पुढे उतरल्याची खूण. सलग चार गुरुवार. त्या टोपीचं बटण मी लावलंय, दादा. तू उतरेपर्यंत ती बाई घरी जात नाही. यापुढे फाटकातून जा, वहीत नाव लिही, आणि एकटा जाऊ नकोस. वर्षाची फी भरली आहे, दोघांची.

ता. क. दोन. वहिनीला अजून काही बोललेले नाही. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघेल, तोवर गच्ची. तू पुन्हा तारेपाशी वाकलास तर बूथवाली शिट्टी मारणार आहे. ती शिट्टीही आता आपल्याच फीतली.