धक्का नव्हे, हिसका

२ सप्टेंबर १९७३, रविवार. बेलापूर.
सकाळी परसात वीस पावलांवर सुपारी टांगली. दहा छर्रे उडवले. एकही लागला नाही. चष्मा लावला तर नळीच्या टोकाची नेमाची माशी दिसते, सुपारी गायब. चष्मा काढला तर सुपारी दिसते, माशी गायब. पन्नाशीला आलो, दुसरं काय.
नऊ वर्षं दसऱ्याची सुपारी मी फोडली. वेशीबाहेरच्या बाभळीवर टांगलेली, फोडेल त्याला फेटा. नऊ फेटे ट्रंकेत आहेत. गेली तीन वर्षं फेटा नानाच्या डोक्यावर. नाना म्हणजे सौ.चा धाकटा भाऊ, शेजारीच राहतो. आज नेमका भिंतीवरून बघत होता. म्हणतो, "दाजी, तुमी आता जत्रंत फुगं फुगवा. फोडायचं आमी बघतो."
मेहुणा आहे म्हणून सोडला. यंदाही गेली तर बंदूक माळ्यावर. कायमची.

५ सप्टें.
कारखान्यात ओव्हरहॉलिंग. दिवसभर ग्रीस. डब्याच्या सुट्टीत स्टोअरकीपर म्हणाला, मिस्त्री, बंदुकीला दुर्बीण बसवा, माशी बघायचं कामच उरत नाही. एवढी साधी गोष्ट. मुंबईची नवी विलायती परवडणार नाही. नगरला करीमभाईकडे लष्करातला जुना माल असतो म्हणे.

९ सप्टें., रविवार.
नगरला जाऊन आलो. एस.टी.त उभ्यानं. करीमभाईनं तीन दुर्बिणी मांडल्या. एक पत्र्याची, खेळण्यातली. एक आखूड, रंग उडालेली, बघवत नाही अशी. एक हातभर लांब, पितळी, कातडी टोपणं. फौजी! डोळा लावला आणि समोरच्या गच्चीवरच्या पापडांवरचं जिरं दिसलं.
करीमभाई विचारतो, "मिस्त्री, धक्का किती बंदुकीला?"
मी छाती काढून म्हणालो, "काही नाही हो. छऱ्याची आहे. स्प्रिंगवर चालते. धक्का नाहीच."
"मग काय, जिंदगीभर चालंल. मोठ्या रायफलीचा धक्का खाल्लेला माल हाय ह्यो."
घेतली. सौ.च्या दसऱ्याच्या लुगड्याचे पैसे होते. तिला सांगितलं. भाकरी जोरजोरात थापायला लागली. हे वाईट.

११ सप्टें.
अकराव्या छऱ्याला दुर्बिणीतल्या नेमाच्या फुलीची उभी तार तुटली.
दुर्बीण बंदुकीवरच्या पकडीतून सरकून पार मागं आली होती, बाराव्याला माझ्या भुवईत बसली. रक्त. नानाला कळलं. ओसरीवर येऊन हळद मागत होता, दाजींच्या जखमेला म्हणून. चांडाळ.
मोठ्या रायफलीवर टिकली आणि माझ्या छऱ्याच्या बंदुकीनं तिचा निकाल लावला. कसं शक्य आहे? जेवलो नाही.

१३ सप्टें.
लिहून ठेवतो, विसरायला नको.
संध्याकाळी मी पट्टी बांधून बसलेला. सौ. म्हणाली, "माज्या लुगड्याची बंदूक हाय. एक बार मला उडवू द्या." दिली. खांद्याला कशी लावायची ते दाखवलं. उडवला. छर्रा गेला केळीत. ही बंदुकीकडं बघत उभी.
मी विचारलं, "धक्का लागला का?"
"धक्का कुटला? हिसका देतीया ही. पुढं वढती. बैल एकदम निघालं की गाडीत मागं बसलेला मागंच पडतो, तशी तुमची दुर्बीन मागं आली."
वीस वर्षं ही बंदूक हातात, तीस वर्षं कारखान्यात स्प्रिंगा बसवतोय, आणि हे मला कळू नये? आत स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढं जाऊन आपटतो, सगळी बंदूक पुढं ओढली जाते. मोठी रायफल मागं ढकलते, तिच्या दुर्बिणीला टेकू एकाच बाजूनं. माझ्या बंदुकीवरच्या दुर्बिणीला टेकू दोन्हीकडून पाहिजे. करीमभाईनं धक्का विचारला, मी धक्का सांगितला. हिसका विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.
गाढव! मी. करीमभाई नव्हे.

१६ सप्टें., रविवार.
पुन्हा नगर. या वेळी डोळा लावलाच नाही. स्क्रू-ड्रायव्हर आणि भिंग घेऊन बसलो. करीमभाई हसत होता. ती आखूड, रंग उडालेली उघडून बघितली. काचा दोन्ही बाजूंनी आट्यांच्या कड्यांनी आवळलेल्या. आत तार नाहीच, फुली काचेवरच कोरलेली. तुटणार काय, कपाळ? वजनाला हलकी. मनगटावर पुढं-मागं शंभरदा आपटली, कुठं खडखड नाही.
करीमभाई म्हणाला, "हिला कोन हात लावत न्हवतं." मोडकी त्यानं ठेवून घेतली, ही दिली, आणि वर लुगड्यापुरते पैसे परत. भला माणूस. चहासुद्धा पाजला.

१९ सप्टें.
लांबच्यासाठी बनवलेली, वीस पावलांवर सुपारी धुरकट. पुढची काच दीड आटा बाहेर घेतली. लख्ख! मागच्या काचेची कडी फिरवून माझ्या डोळ्याला जुळवली. हिसक्यानं फिरू नये म्हणून दोन्ही कड्यांवर लाख ओतली. मागं सरकू नये म्हणून बंदुकीला भोक पाडून पोलादी खुंटी ठोकली. आता ये म्हणावं मागं.

२३ सप्टें.
दोनशे छर्रे झाले. फुली जागच्या जागी. शेवटच्या पाच छऱ्यांची भोकं एका चार आण्याच्या नाण्याखाली झाकली जातात. सौ.ला बोलावून दाखवलं. "बरं झालं," म्हणाली. एवढंच. पण हसली.

३० सप्टें.
नाना पारावर बोंबलतोय. दुर्बीण म्हणजे लबाडी. गणपततात्या, जे दरवर्षी सुपारी टांगतात, त्यांच्याकडं फिर्याद. मला बोलावणं. दुर्बीण घेऊन गेलो. तात्यांनी दुर्बिणीतून बघितलं, पुन्हा बघितलं, खाली ठेवीनात. मग नानाला म्हणाले, "मला चष्मा चालतो नव्हं? मग ह्यो बंदुकीचा चष्मा हाय. तुला पाहिजे तर तूबी आन. बाईमानूस, गडीमानूस, कुनीबी आना. सुपारी फुटल्याशी मतलब."
बंदुकीचा चष्मा. वा तात्या!

६ ऑक्टोबर. दसरा.
आल्या आल्या लिहायला बसलो.
वारा होता, सुपारी झुलत होती. नानाचा पहिला हुकला, दुसऱ्यानं टवका उडाला, तिसरा गेला. टवका म्हणजे अर्धी फुटली धरतात. मग मी. पहिला हुकला! मागून नाना, "फुगं आनू का दाजी?" लाख बघितली, शाबूत. खुंटी शाबूत. म्हणजे चूक माझी, घाई. श्वास सोडला. सुपारी फुलीवर आली आणि...
फुटली! दोन भकलं! तात्यांनी दुसरी टांगली, तीही फुटली!
लोकांनी उचललं मला. तीन वर्षांनी फेटा. पहिलं सोनं नानानंच माझ्या हातात दिलं, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, पण पाया पडला. मी पोटाशी धरला. रडलो, कबूल करतो. दहावा फेटा.

७ ऑक्टो., रविवार.
सकाळी नवं लुगडं नेसून सौ. परसात. "द्या बघू." वीस पावलांवर सुपारी. मी गंमत म्हणून दिली. पहिल्याच छऱ्याला फोडली. दुसरी टांगली, तीही. नाना भिंतीवरून बघत होता.
मी म्हणालो, नशीब.
ती म्हणाली, "नशीब न्हवं. मला तर धुरकट दिसतंय, तरी लागल्या. मागची कडी माज्या डोळ्याला जुळवा. पुढल्या दसऱ्याला माजं नाव घाला. तात्या म्हनलेत, बाईमानूसबी चालतंय."
नाना भिंतीपलीकडून ओरडला, "घालाच दाजी!" त्याला आज दिवाळी.
मी हसलो. मग हसू थांबलं. चांगली मारते. लई चांगली. तिला लख्ख दिसलं तर अकरावा फेटा काही माझा नाही.
दुपारपासून दुर्बीण मांडीवर घेऊन बसलोय. खरवडायला चाकू शेजारी आहे. मागच्या कडीवरची लाख अजून तशीच. तिनं चहा आणून ठेवला, चाकूकडं बघितलं, आत गेली.