फरसबीची चव

अलाबामा, जून १९८४

शकूताई, नमस्कार. अक्षर गोड मानून घे, रागाच्या भरात लिहितेय.

आम्ही गाडीने अमेरिकेच्या दक्षिणेत फिरतोय. प्रत्येक हॉटेलात हे माझ्यासाठी शिजवलेली फरसबी मागवायचे. मीही आवडीने परत मागून घ्यायचे. आज वेट्रेस कौतुकाने म्हणाली, “डुकराचं मांस घालून शिजवतो, म्हणून ही चव!”

जन्मात अंडं न खाल्लेली मी! आणि ह्यांना पहिल्यापासून माहीत होतं. वर म्हणतात, “सांगितलं असतं तर उपाशी राहिली असतीस.” राहिले असते! मी काय कुकुलं बाळ आहे? तेव्हापासून अबोला धरलाय.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं काही कळू देऊ नकोस, उगाच जेवण सोडेल. सांग, उत्तराला इकडे फरसबी छान मिळते.

तुझी धाकटी,
उत्तरा