पांढऱ्या मातीची साक्ष

सोलापूर, मंगळवार, मार्गशीर्ष, शके १८५४

शिणलो. मोटारदुरुस्तीच्या कारखान्याचे अधिपती अस्मादिक आज विमानवैद्य झाले. माळावर उतरलेल्या विमानाच्या टाकीतून पेट्रोल ठिबकत होते, आणि उद्या सकाळी त्याच विमानातून आमच्या सौभाग्यवती गगनविहार करणार. तिकीट हट्टाने काढलेले.

थेंब टाकीच्या खालच्या कोपऱ्यात दिसला, म्हणून तिथेच दोनदा कथलाचा डाख दिला. थेंब पुन्हा तिथेच! ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. पेट्रोलच्या मुळाविषयी पूर्वसूरी मौन का? मग आमच्या घराचे माळवद, म्हणजे मातीचे धाबे, आठवले. पाऊस शिरतो चुलीवर, गळतो देवघरात. माळवदावर घालतो तीच पांढरी माती कालवून टाकीला पोतारा दिला, तो वाळू दिला, पेट्रोल भरले. पांढऱ्यावर ओली रेघ उमटली. उगम पार वर, टाकी आवळणाऱ्या पट्ट्याखालच्या सांध्यात. टाकी रिकामी करून, उकळत्या पाण्याने धुऊन तो सांधा डाखला.

"आता गळायची नाही ना?" घरी सौभाग्यवतींची पृच्छा.

"त्रिवार नाही."

"मग तुम्हीही बसा की शेजारी. एक जागा रिकामी आहे म्हणे."

आमचे ब्रह्मज्ञान तत्क्षणी डळमळले. माळावर परतलो, नवा पोतारा दिला, पेट्रोल भरले आणि थेंबाची आराधना करीत बसलो. एक थेंब तरी? दिवेलागणीपर्यंत माती पांढरीशुभ्र, कोरडी ठणठणीत.

आता निमित्तही उरले नाही.