केराची हाक

सोलापूर,
८ फेब्रुवारी १९७४

चि. केरा हिस अनेक आशीर्वाद.

रावजीमामा इथे बाजाराला आले होते. त्यांच्याकडून समजले ते असे :

१. हातपंप कुठे बसवायचा ते विचारायला बीडीओ साहेब आपल्या पारधी वस्तीवर आले.
२. त्यांनी म्हाताऱ्यांना थांबवून तरुणांना बोलायला सांगितले.
३. सगळ्यांनी खाली मान घालून माहीत नाही म्हटले. तूही.
४. साहेब निघून गेले. पंप आता गावठाणात बसेल.

पाणी तूच आणतेस. मग माहीत नाही कसे?

मी बरी आहे. ऑफिसात दिवसभर नकाशे ट्रेस करते. खोलीत नळ आहे. रविवारी मात्र करमत नाही.

तुझी अक्का,
वच्छला

केम,
१३ फेब्रुवारी १९७४

ती. अक्कास शि. सा. न.

मामानं अर्धंच सांगितलं की. सायबासंगं जीपचा डायवर हुता, खाकी कपड्यातला. आमाला वाटलं पोलीस. खाकी दिसली की काय बी माहीत न्हाय म्हणायचं, हे आईनं तुला बी शिकवलंय. मामाचा गुंडा तर सोताचं नाव बी माहीत न्हाय म्हणला. सायेब हसले. आमी न्हाय.

पंपाचं अजून ठरलं न्हाय; सोमवारी, २५ ला, सायेब परत येणार हायेत. समदी म्हणत्यात वच्छलाला बोलाव, ती हापिसात असती, तीच बोलंल. तू ये. लई सय येती. आई तुजी गोधडी कुणाला पांघरू देत न्हाय.

तुजी धाकटी,
केरा

सोलापूर,
१६ फेब्रुवारी १९७४

चि. केरा हिस अनेक आशीर्वाद.

गुंडाचे वाचून हसले. मग नकाशावरची एक रेघ खोडून पुन्हा काढली.

मी येईन, पण बोलणार नाही. ओढ्यातला पिण्याच्या पाण्याचा झिरा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. यंदा तो कुठे आहे, म्हणजे पंप कुठे हवा, हे तुला ठाऊक, मला नाही. तू आपल्या पारधी बोलीत सांग. मी शेजारी बसून साहेबांना मराठीत सांगेन. एखादा शब्द मला आठवला नाही तर हसू नकोस. इथे ती बोली बोलायला कुणी नाही.

तू तित्तराची हाक काढलीस की ओढ्यापलीकडून उत्तर यायचे. गिरणीचा भोंगा थांबला की मी अजून कान देते. त्या गळ्याने डायव्हरच्या शर्टाला भिऊ नये.

गुंडाला पुढे बसव. त्याचे नाव त्याच्याकडून पाठ करून घे. आईला म्हणावे, गोधडीला ऊन दाखव. माया आहे तशी राहू दे.

रजेचा अर्ज शुक्रवारी द्यायचा आहे. तू बोलणार की नाही, ते गुरुवारी, २१ तारखेपर्यंत मला कळव.

वच्छला